चावी कुणाकडे?

आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये टेबल टेनिसचं एक टेबल आहे. विटांच्या चार चळती, त्यावर कोटा फरशीच्या दोन लाद्या आणि मध्ये नेट म्हणून ताणून बांधलेली साडीची लेस. लेसला आमच्या कडोदऱ्यात, सुरतच्या या मिलपट्ट्यात, तोटा नाही. घराघरात बायका साड्यांना लेस लावतात, टिकल्या चिकटवतात, तुकडे उरतात. या टेबलाचा मालक अकरा वर्षांचा आहे. बाप प्रोसेस मिलमध्ये बारा तासांच्या पाळीला, आई लेसच्या कामाला, मूळ गाव अमळनेर तालुक्यात. पोरगा गुजराती माध्यमात शिकतो, घरी अहिराणी बोलतो आणि माझ्याशी पुस्तकातली मराठी. गेल्या आठवड्यात त्याने मला जिन्यात अडवलं.

"काका, कॉमनवेल्थ आलं की आपल्याला खरं टेबल मिळेल का?"

प्रश्न नेमका आहे. एवढा नेमका प्रश्न मी अजून एकाही भाषणात ऐकलेला नाही.

२६ नोव्हेंबर २०२५ ला ग्लासगोमध्ये शिक्कामोर्तब झालं. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला. १९३० मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनला पहिले खेळ झाले, त्यांना शंभर वर्षं होतायत, म्हणून हा शतकमहोत्सवी सोहळा. ज्या खेळांची नावं तेव्हाच पक्की झाली त्यांत टेबल टेनिस आहे. मागोमाग २०३६ च्या ऑलिंपिकवर दावा आहेच. तसं पत्र भारताने ऑक्टोबर २०२४ मध्येच आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीला दिलं.

मला या स्पर्धा हव्या आहेत. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला मी खेळाचा वैरी वाटणार नाही. अहमदाबाद आमच्यापासून अडीचशेहून जास्त किलोमीटर लांब. पण तिथल्या स्टेडियमचं सिमेंट आमच्या चार रस्ता चौकातून जाणार, कामाला माणसं आमच्या चाळींतून जाणार, जमिनीचे भाव आमच्या शिवारात चढणार. मग आमच्या पदरात काय पडणार हे विचारायचा हक्क आमचा आहे. आणि तो आज बजावायचा आहे. समारोपाची आतषबाजी झाल्यावर विचारलं तर ऐकायला कुणी जागेवर नसतं.

सुरतला या बाबतीत ताजा अनुभव आहे. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गुजरातने सहा शहरांत भरवल्या, त्यांत सुरत होतं. टेबल टेनिस आणि बॅडमिंटन अठव्याच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय इनडोअर स्टेडियममध्ये, बीच व्हॉलीबॉल आणि बीच हँडबॉल डुमसच्या किनाऱ्यावर. टेबल टेनिस तर उद्घाटनाच्याही आधी उरकलं. घरच्या प्रेक्षकांसमोर हरमीत देसाईने गुजरातला सुवर्ण मिळवून दिलं. हा सुरतचाच पोरगा. २०१८ ला गोल्ड कोस्ट आणि २०२२ ला बर्मिंगहॅम, दोन्ही राष्ट्रकुलांत सोनं जिंकलेल्या भारतीय संघात तो होता. मानव ठक्करही सुरतचाच. म्हणजे टेबल टेनिसच्या बाबतीत सुरत देशातल्या पहिल्या रांगेत आहे.

त्या स्पर्धांची तयारी थोड्या महिन्यांत झाली. असलेली स्टेडियम वापरली, नवे पांढरे हत्ती उभे केले नाहीत. हे शहाणपण होतं आणि ते तसं नोंदवलं पाहिजे. पण शहराच्या मध्यावर असलेलं सभागृह शहराच्या मध्यावरच राहिलं. कडोदऱ्याहून अठव्याला जायचं तर मिलची पाळी संपल्यावर बाप पोराला घेऊन निघणार कधी आणि परतणार कधी? आठवड्यातून तीन संध्याकाळी? हरमीतच्या शहरात आमचं पोरगं फरशीवर खेळतं याचं एक कारण आहे, वीस किलोमीटर.

दुसरं कारण कुलूप. काही वर्षांपूर्वी याच पोराच्या थोरल्या भावाला घेऊन मी एका क्रीडासंकुलात गेलो होतो. नाव लिहीत नाही. काचेतून टेबलं दिसत होती, निळी, नवी, घड्या घालून भिंतीला लावलेली. दाराला कुलूप. वॉचमन म्हणाला, चावी साहेबांकडे. साहेब कधी येतात? स्पर्धा असली की. आम्ही तीनदा गेलो. थोरला आता मिलमध्ये जातो. त्याने पुन्हा कधी बॅट हातात घेतली नाही. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

म्हणून "वारसा" हा शब्द भाषणात आला की मी दोन गोष्टी विचारतो. कागदावर आहे का? आणि चावी कुणाकडे?

ज्या ग्लासगोत अहमदाबादचा निर्णय झाला, त्या शहराकडेच बघा. २०१४ च्या राष्ट्रकुलसाठी त्यांनी खेळाडूंचं गाव शहराच्या पूर्वेला, डॅलमार्नकमध्ये बांधलं. कारखाने बंद पडून उजाड झालेला, गरीब भाग. खेळाडू गेल्यावर तिथे सातशे घरं झाली. त्यांतली चारशे कमी भाड्याची, सामाजिक. शेजारी म्हाताऱ्या माणसांसाठी १२० खाटांचं सेवागृह. हे स्पर्धा संपल्यावर कुणाच्या मनात आलं म्हणून झालं नाही. यजमानपद मिळालं २००७ च्या नोव्हेंबरात आणि त्या भागाच्या पुनर्बांधणीसाठी वेगळी कंपनी २००८ मध्येच कामाला लागली होती. त्यासाठी काही जुन्या कुटुंबांना घरं सोडावी लागली, त्यांचा कडवटपणा आजही खरा आहे. पण चारशे घरांचा आकडा आधी लिहिलेला होता आणि तो मोजता आला.

लंडनने २०१२ च्या ऑलिंपिकसाठी याहून मोठा गाजावाजा केला. खेळाडूंच्या गावातली जवळपास निम्मी घरं "परवडणारी" म्हणून राखली. मात्र परवडणारी म्हणजे बाजारभाड्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत, अशी व्याख्या सरकारने करून ठेवली. लंडनच्या बाजारभाड्याचे ऐंशी टक्के पूर्व लंडनमधल्या न्यूहॅमच्या सफाई कामगाराला कसे परवडणार? शब्द कागदावर होता, पण व्याख्या दुसऱ्याने लिहिली आणि स्थानिकांच्या तोंडाला पानं पुसली गेली. मुख्य स्टेडियमच्या फेरबदलाचा खर्च तीन हजार कोटी रुपयांच्या वर गेला, तो बहुतांश जनतेच्या पैशातून, आणि भाडेकरू म्हणून आला एक व्यावसायिक फुटबॉल क्लब.

सगळ्यात उपयोगी उदाहरण मात्र झालेल्या खेळांचं नाही, न झालेल्या खेळांचं आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२६ चं राष्ट्रकुल मेलबर्नऐवजी बॅलारट, बेंडिगो, जिलाँग अशा लहान शहरांत वाटून घ्यायचं ठरवलं होतं. जुलै २०२३ मध्ये खर्चाचा अंदाज अडीच अब्ज डॉलरवरून सहा अब्जांच्या वर गेला आणि राज्याने हात वर केले. करार मोडल्याबद्दल ३८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मोजावे लागले. नाचक्की झाली ती झालीच. पण त्याच दिवशी त्या सरकारने सांगितलं की लहान शहरांना कबूल केलेली कायमस्वरूपी मैदानं आणि घरं होणारच, आणि त्यासाठी दोन अब्ज डॉलरची योजना वेगळी काढली. खेळ रद्द, मैदानं मंजूर. म्हणजे मैदान आणि मशाल यांची गाठ तोडता येते. मैदानाचा कागद वेगळा करता येतो. कडोदऱ्याला नेमका असा वेगळा कागद हवा आहे.

आता घरचं उदाहरण. बालेवाडी.

१९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी पुण्याच्या कडेला, म्हाळुंगे-बालेवाडीच्या शेतजमिनीवर श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभं राहिलं. २००८ मध्ये तिथेच राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, संकुलावर आणखी पैसा ओतला गेला. खेळाला त्याचा फायदा झाला, हे नाकारणं खोटेपणाचं होईल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, ज्याने २०२४ ला पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य घेतलं, त्याने सराव केला तो बालेवाडीच्या रेंजवर. स्पर्धा संपल्यावर सोळा वर्षांनी मिळालेलं पदक. वारसा म्हणतात तो हाच.

पण संकुलाच्या कुंपणाबाहेर काय झालं? गाव होतं तिथे टॉवर आले, हाय स्ट्रीट आली, भावाने आभाळ गाठलं. ज्यांच्याकडे जमीन टिकली ते श्रीमंत झाले. ज्यांनी लवकर आणि स्वस्तात विकली त्यांची पोरं त्याच टॉवरच्या गेटवर उभी राहताना मी पाहिली आहेत. आणि त्या टॉवरमध्ये धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलीला संकुलातला सिंथेटिक ट्रॅक आणि तरणतलाव रोजचा म्हणून किती जवळ आहे, हे तिथून संध्याकाळी चक्कर मारणाऱ्या कुणालाही कळेल. संकुल राज्याचं झालं, देशाचं झालं. शेजाऱ्यांचं व्हावं असं कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं.

दिल्लीबद्दल दोन वाक्यं पुरेत. २०१० च्या राष्ट्रकुलसाठीचं खेळाडूंचं गाव यमुनेच्या पात्राला लागून बांधलं आणि ते फ्लॅट नंतर कोट्यधीशांच्या बाजारात गेले. ज्या विमानतळ मेट्रोची खेळांसाठी घाई होती, ती धावली फेब्रुवारी २०११ मध्ये, वरातीमागून घोडं.

दिल्लीच्या दुसऱ्या एका गोष्टीवर मात्र मला थांबायचंय, कारण ती थेट आमच्या चाळींची आहे.

१९८२ चं एशियाड. स्टेडियमं, उड्डाणपूल, हॉटेलं रात्रंदिवस बांधली जात होती. राजस्थान, उत्तर प्रदेश, ओडिशातून मजूर आणलेले. तीन अभ्यासकांनी त्यांची पाहणी केली आणि लोकशाही हक्कांसाठी काम करणाऱ्या पीयूडीआर या संघटनेने न्यायमूर्ती पी. एन. भगवतींना एक पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. किमान मजुरी होती दिवसाला ९ रुपये २५ पैसे. मजुराच्या हातात पडत होते ८ रुपये २५ पैसे. मधला एक रुपया जमादाराचा. सप्टेंबर १९८२ मध्ये, खेळ सुरू व्हायच्या दोन महिने आधी, निकाल आला. किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे राज्यघटनेच्या कलम २३ खाली वेठबिगारी.

तो एक रुपया आमच्याकडे सगळ्यांना ओळखीचा आहे. जमादार म्हणा, मुकादम म्हणा. सुरत-भुसावळ लाइनने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरहून माणसं पिढ्यान्‌पिढ्या इकडे येतात, चलथाणला उतरतात. त्यातले बरेच जण मुकादमाची उचल घेऊन आलेले असतात. बारडोली-चलथाणच्या उसात खानदेशातून आणि डांगातून येणाऱ्या कोयता टोळ्यांवर यान ब्रेमन या डच अभ्यासकाने अनेक दशकं लिहिलं आहे. उचल, कपात, हिशोब शेवटी. हीच रीत बांधकामावर चालते. २०१० च्या दिल्लीतही दिल्ली उच्च न्यायालयाने नेमलेल्या अरुंधती घोष समितीला किमान वेतन न मिळणारे मजूर आणि राहायच्या नावाखाली पत्र्याच्या खोल्या सापडल्याच. निकालाला जवळपास २८ वर्षं होत आल्यावर.

आणि लॉकडाऊनमधला मे २०२० विसरायचा नाही. कडोदऱ्याला लागून असलेल्या वरेलीत परप्रांतीय कामगार रस्त्यावर आले होते. मागणी एकच, आम्हाला घरी जाऊ द्या. पोलिसांशी धुमश्चक्री झाली, अश्रुधूर झाला. ज्यांच्या हातांवर सुरतचं कापड उभं आहे त्यांचं नाव कुठल्याच नोंदवहीत नीट नव्हतं, म्हणून त्यांना शिधाही नीट पोचला नाही आणि गाडीही. २०३० ची स्टेडियमं याच हातांनी बांधली जाणार असतील, तर पहिला वारसा म्हणजे त्यांची नोंद. मजुराचं नाव, मुकादमाचं नाव, रोज किती, खात्यावर किती, आणि ही यादी साइटच्या गेटवर मोठ्या अक्षरांत लावलेली. याला खर्च येत नाही. खालच्या मजल्यावरचे बापू, हयात मिलमध्ये गेलेली, मला रोज विचारतात, "आमले काय भेटी रे भो?" बापू, सुरुवात इथून करू.

आता जमीन. कडोदऱ्याजवळ अंत्रोलीला बुलेट ट्रेनचं सुरत स्टेशन उभं राहतंय. मुंबई ते साबरमती ५०८ किलोमीटर, बारा स्टेशनं, आणि पहिला टप्पा सुरतच्याच पट्ट्यात सुरू करायचं सरकारने जाहीर केलंय. २०३० चे पाहुणे, २०३६ चे पाहुणे, सगळ्यांच्या नकाशावर आमचं शिवार येणार. बारडोली रस्त्याला प्लॉटिंगचे बोर्ड इतके दाट झालेत की ऊस दिसत नाही.

इथे गुजरातकडे एक हत्यार आहे आणि ते चांगलं आहे. टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना. आमच्याकडे शेतकऱ्याला सातबारा जितका पाठ तितकी टीपीची कपात पाठ असते. १९७६ चा नगररचना कायदा सांगतो की योजनेतल्या जमिनीतून १५ टक्के रस्त्यांना, ५ टक्के बाग, मैदान आणि मोकळ्या जागेला, ५ टक्के शाळा-दवाखाना-अग्निशमनासारख्या सोयींना, १५ टक्के विक्रीसाठी. शिवाय दुर्बल घटकांच्या घरांना १० टक्क्यांपर्यंत राखून ठेवता येतात. विक्रीतून आलेला पैसा पायाभूत सोयींवर घालवायचा हेही कायद्यातच आहे. म्हणजे भाव वाढला तर त्या वाढीतला वाटा मागायला नवा कायदा नको. आहे तो पाळला तरी कडोदरा, वरेली, चलथाणच्या पट्ट्याला मैदानं मिळतील, भाडेकरू कामगारांना घरं मिळतील.

पण कागदावरची मोकळी जागा प्रत्यक्षात काय होते? ट्रक लागतात, मग पार्टी प्लॉट होतो, लग्नसराईत मंडप पडतो, आणि पोरांना हाकललं जातं. म्हणून फक्त टक्का नको, योजनेत ठरलेल्या भूखंडाचा, म्हणजे फायनल प्लॉटचा नंबर हवा. त्यावर "मैदान" असा शब्द हवा, सकाळी सहा ते रात्री दहा उघडं अशी वेळ हवी, आणि त्याचा कारभार शाळा, पालक आणि नगरपालिका मिळून चालवणार असा ठराव हवा. अहमदाबादेत नारणपुऱ्यात सप्टेंबर २०२५ मध्ये सुमारे सव्वाआठशे कोटींचं वीर सावरकर क्रीडासंकुल उघडलं. देखणं आहे, व्हावंच. मी त्या रकमेच्या हजाराव्या भागाबद्दल बोलतोय. साडेब्याऐंशी लाखांत पत्र्याचं छत, सिमेंटची जमीन, दहा टेबलं, दिवे आणि दोन प्रशिक्षकांचे काही वर्षांचे पगार बसतात. असा एक हॉल मिलच्या पट्ट्यातल्या दर गावाला मागितला तर तो फार मोठा घास नाही.

प्रशिक्षकाचे पगार, हे मी पुन्हा लिहितो. इमारतीचं उद्घाटन होतं, पगाराचं होत नाही, म्हणून पगार अंदाजपत्रकातून आधी गळतो. टेबल बंद पडायचं खरं कारण बहुतेक वेळा तेच असतं. चावी साहेबांकडे असते, कारण दार उघडून बसायला नेमलेलं माणूसच नसतं.

काल संध्याकाळी पोराला वर बोलावलं आणि दोघांनी मिळून माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. गुजरातेत फी २० रुपये, उत्तराला मुदत ३० दिवस. तीन प्रश्न. आमच्या भागाच्या टीपीत मैदानासाठी राखलेला फायनल प्लॉट कोणता. आज त्यावर काय आहे. तो रोज उघडायची जबाबदारी कोणत्या हुद्द्याच्या माणसावर आहे. माझं गुजराती बोलण्यापुरतं बरं, लिहिताना जोडाक्षरांना अडखळतो. त्याने माझा कागद बाजूला सारला आणि स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढला. शेवटी थांबून म्हणाला, "काका, नाव कुणाचं टाकू? माझं चालेल?"

अर्जदार सज्ञान असलेला बरा, म्हणून आम्ही त्याच्या आईचं टाकलं. सोमवारी लेसचं काम अर्धा दिवस बंद ठेवून ती नगरपालिकेत येणार आहे.